एकेचाळीस आणि आठ

पेण, ७ जानेवारी २०२५

ती. वाजिदमामू यांस सुरभीचा नमस्कार. फरझानामामींना सलाम.

गुडघा कसा आहे? आई सांगत होती, डॉक्टरांनी नवा गुडघा बसवला आणि शुद्धीवर आल्या आल्या तुम्ही त्यांना विचारलंत, "सांध्यात खेळ किती ठेवलाय?" बिचारे डॉक्टर.

तुम्हाला कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन केला की सगळ्या आळीला माझी गाऱ्हाणी कळतात. फोटो पाठवले तर तुम्ही बघत नाही. म्हणून पत्र. तुमचा नियम विसरलेले नाही: एका कागदावर जे पाहिलं ते, दुसऱ्यावर जे वाटलं ते, आणि दोन्हींची भेळ करायची नाही. तुमच्या गॅरेजात शिकत होते ती दोन वर्षं या नियमाने मला पुरेसं रडवलंय.

पाहिलं:
बाबांची गणपती पोचवायची व्हॅन मी शर्यतीसाठी तयार करतेय. हसून झालं की पुढचं वाचा. जुनं इंजिन काढून तेराशे सीसीचं बसवलंय. ९ मार्चला घाटावरच्या एका खाजगी धावपट्टीवर स्पर्धा आहे. पाव मैल, म्हणजे चारशे मीटर सरळ. शेजारी शेजारी दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं. धरमतरकडे एका बंद गोदामाचं लांबलचक आवार आहे, मालकाच्या परवानगीने तिथे चालवून पाहिली. १६.६ सेकंद. साठच्या पुढे इंजिन फार ओरडतं. वेगाचा काटाही खोटं बोलतो. फोन अठ्ठेचाळीस म्हणतो तेव्हा काटा साठ दाखवतो.

वाटलं:
काट्याला म्हातारचळ लागलाय. आणि मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर बदलून तेज घालावेत.

आता खरं दुखणं. कंपनीतली नोकरी सोडून गॅरेज टाकलं त्याला वर्ष होईल. कंपनीने परत बोलावलंय, १ एप्रिलला रुजू व्हायचं. बाबा म्हणतात, "गॅरेज चालव, माझं काय म्हणणं नाय. पण जगाला मोजता येईल असं कायतरी दाखव." शेवटी ठरलं: पाव मैल सोळा सेकंदांच्या आत आला तर गॅरेज, नाहीतर परत शिफ्ट. मामू, मला शिफ्टमध्ये जायचं नाही.

तुमची,
सुरभी


रोहा, १२ जानेवारी २०२५

सुरभी बेटा, दुआ.

हसलो. फरझानाला वाटलं टाका तुटला.

महिपतीची व्हॅन आणि शर्यत! अगं, त्या गाडीला सायकलवाले मागे टाकून जायचे. पेणमध्ये लोक पोरांना सांगायचे, "गाडी चालवावी तर महिपतीसारखी. गणपतीचं बोट म्हणून कधी मोडलं नाय." आणि त्याच गाडीला तू पळवणार. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. इथे तर माझा गुडघाच उतावळा झालाय, पण बाईसाहेबांनी स्कूटरची चावी तांदळाच्या डब्यात लपवली आहे.

आता ऐक. इंजिनापासून सुरुवात कर. एकदा पूर्ण दमात पळव, रेघेवर इंजिन बंद कर, तशीच थांब आणि प्लग काढून बघ. पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काळा असेल तर जास्त. दुधाच्या चहासारखा असेल तर हात लावू नकोस. ठिणगी थोडी लवकर पडू दे, पण खडखड ऐकू आली की मागे ये.

मागच्या अ‍ॅक्सलला हात लावू नकोस. आहे ते ठीक आहे. फक्त एक काम कर. दोन्ही मागची चाकं उचल, इंजिनाकडून मागे येणाऱ्या शाफ्टवर खडूने खूण कर, दोन्ही चाकं एकदम बरोबर एक फेरा फिरव, आणि शाफ्ट किती फिरला ते मोजून लिही.

तुझा मामू


पेण, १७ जानेवारी २०२५

ती. मामू,

पाहिलं: प्लग काळे होते. कार्ब्युरेटरची जेट एक नंबर लहान घातली. आता रंग चहाचा, पण कटिंग चहाचा नाही, आईच्या हातचा. ठिणगी दोन अंश लवकर केली. वेळ १६.४. शाफ्ट चार फेरे आणि वर एक नववा हिस्सा. आतल्या मोठ्या दातेरी चाकाला सदतीस दात, छोट्याला नऊ.

वाटलं: अजून अर्धा सेकंद कुठून आणू? गिअर तेज केल्याशिवाय जमणार नाही असं मला अजूनही वाटतंय.

आईने पोह्यांचे पापड दिलेत, पार्सल वेगळं येईल. मामींना सांगा, कमी तेलात तळा.

सुरभी


रोहा, २१ जानेवारी २०२५

सुरभी बेटा,

पापड पोचले. तेल कमी घातलं नाही.

तू शाफ्ट मोजला नाहीस. गाडीच्या पुस्तकात बघून लिहिलंस. पुस्तक मी विचारलं नव्हतं. "पाहिलं" या कागदावर न पाहिलेलं लिहिलं, म्हणजे नियम मोडला. माझ्या गॅरेजात असतीस तर दिवसभर नट धुवायला बसवलं असतं.

आणि वेगाच्या मागे लागू नकोस. चारशे मीटरमध्ये गाडी कुठवर पोचते यापेक्षा ती जागची सुटते कशी याला मोल आहे. हळू गिअर जोराने ढकलतो. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा दम जिथे संपतो, बरोबर तिथेच रेघ आली पाहिजे. तेज गिअर घातलास तर रेघ येईल आणि इंजिन अजून जांभया देत असेल.

मोज. पण मागच्या गिअरचं हौसिंग खोलू नकोस.

मामू


पेण, २७ जानेवारी २०२५

ती. मामू,

मोजला. चुकले, कान धरले.

पाहिलं: शाफ्ट पाच फेरे आणि वर एक आठवा हिस्सा. तीनदा मोजला. म्हणजे आत सदतीस-नऊ नाहीत, एकेचाळीस-आठ आहेत. असला गिअर माल ओढणाऱ्या टेम्पोत असतो. काट्याचं कोडंही सुटलं. काट्याची तार गिअरबॉक्समधून येते, त्याला बिचाऱ्याला मागचे दात बदललेत हे माहीतच नाही.

वाटलं: लिहू की नको असं दोन दिवस झालं. मामू, ही गाडी तुमच्याशिवाय कोणी खोललेली नाही. बाबांच्या जुन्या वहीत आहे, "जून १९९८, रोहा, वाजिदभाई, मागचं हौसिंग." तेव्हा तुमच्याकडून चुकीचा जोड बसला, हो ना? म्हणूनच "हौसिंग खोलू नकोस" चाललंय. बाबा बिचारे सत्तावीस वर्षं ओरडणारं इंजिन घेऊन मुंबईला गणपती नेत राहिले. चूक सगळ्यांकडून होते. पण मला नियम शिकवणाऱ्याने ती लपवावी याचं वाईट वाटलं. शिवाय मला पोरगी म्हणून हौसिंग जमणार नाही असं तुम्हाला वाटतंय का, हाही प्रश्न पडला.

मी भंगारातून सदतीस-नऊचा जोड आणलाय. उद्या बसवतेय.

सुरभी


रोहा, १ फेब्रुवारी २०२५

सुरभी,

व्हय. चूक माझी. १९९८ साली घाईत चुकीचा जोड बसला. तुझ्या वडिलांना सांगू नकोस.

पोरगी म्हणून कधी काही वाटलं नाही. माझ्याकडे शिकलेल्यांत सगळ्यात साफ हात तुझा होता.

वाजिद


पेण, ११ फेब्रुवारी २०२५

वाजिदभाऊ यांना मैनाचा नमस्कार,

पत्र लिहायची मला सवय नाही, सातवीनंतर अर्ज तेवढे लिहिले. चूकभूल माफ करा.

सुरभी सकाळी गाडीखाली होती आणि तुमचं पत्र चहाच्या टेबलावर उघडं होतं. वाचलं. भाऊ, तुम्ही हे काय लिहून बसलात? तुमची कसली चूक? मी पोरीला तिथल्या तिथे सगळं सांगितलं आणि आता तुम्हालाही सांगते, की सांगून टाकलं. म्हणजे दिलेला शब्द तुम्ही मोडला नाही, मी सोडवला.

मी तिला सांगितलं ते असं. तेव्हा मला पाचवा महिना होता. हे गाडी अशी पळवायचे की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. वडखळच्या वळणावर गाडी गटारात गेली, एकवीस गणपतींचे हात मोडले आणि हे हसत घरी आले, "मला काय नाय झालं गो." मी सांगून बघितलं, रडून बघितलं, दोन दिवस अबोला धरला. मग माहेरी जाते सांगून पहिल्या एसटीने रोह्याला आले. तुम्ही हात पुसत बाहेर आलात. मी म्हटलं, "भाऊ, ही गाडी हळू करा. पण त्यांना कळता कामा नाय, नायतर ते दुसरीकडून जोरात करून आणतील." फरझानाने भाकरी वाढली, ती खाऊन तुम्ही शब्द दिलात. काट्याचं तुम्ही नंतर सांगितलंत, की त्याला साठ दिसेल आणि गाडी अठ्ठेचाळीसने जाईल. मी एसटीत एकटीच हसत आले होते.

पुढे गाव यांना सबुरीचा माणूस म्हणायला लागलं. हेही मग तसेच झाले.

पोर ऐकताना आधी हसली, मग रडली. नवा जोड बसवून तिची गाडी १७.३ झाली आहे आणि मागून ओरडतेसुद्धा, हे तिने तुम्हाला लाजेने कळवलेलं नाही. तिच्यावर रागावू नका. यांना अजून काही माहीत नाही. एवढं मात्र तसंच राहू द्या.

तुमची बहीण,
मैना


पेण, २० फेब्रुवारी २०२५

ती. मामू,

आधी पाया पडते. मग पाहिजे तेवढे नट धुवायला द्या.

आईने सांगितलं तेव्हा जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. तुमच्यावर चूक ठेवली, आणि तुम्ही ती मुकाट्याने अंगावर घेतलीत. उलट "साफ हात" लिहिलंत. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात, तसं केलंत. मी मात्र चावले.

पाहिलं: एकेचाळीस-आठ परत बसवले. दोन्ही चाकांच्या दातांत खेळ बरोबर ठेवला, तरी गाडी मागून हुंकार द्यायची. दात कुठे टेकतात ते बघायला रंग लावावा लागतो. माझ्याकडची ट्यूब सुकलेली. म्हणून बाबांच्या मूर्तींच्या कारखान्यातून पितांबराचा पिवळा उचलला आणि दातांवर फासला. ठसाच उमटेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "रंग पातळ हाय. असा कसा बसंल?"

बाबा! गॅरेजात वर्षभरात पहिल्यांदा आले, तेही रंग चोरल्याचं कळून. मांडी घालून खाली बसले, रंगात घट्ट तेल कालवलं, आणि डोळ्यांच्या आखणीचा बारीक ब्रश घेऊन एकेक दात रंगवायला लागले. मला म्हणाले, "फिरव." मी फिरवला. दातावरचा रंग जिथे पुसला तिथे ठसा दिसला, पार शेंड्याला. मी काही म्हणायच्या आत बाबा म्हणाले, "हा वरच घासतोय. खाली बसाय पायजे, मधोमध." मामू, त्यांना पिनियन म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण ठसा वाचता येतो. छोट्या चाकामागे शिमची जाड चकती घातली, ते आत सरकलं. परत रंग, परत फेरा. ठसा जरा खाली आला. अजून एक पातळ शिम. पाचव्या वेळी तो दाताच्या बरोबर मधे आला. बाबा वाकून बघत म्हणाले, "आता डोळं उघडलं."

आवाज ऐकायला तुमच्यासारखी लाकडी पट्टीसुद्धा लावली, एक टोक हौसिंगवर, दुसरं माझ्या दातांत धरून. आत एकदम शांत.

वाटलं: रंगवताना बाबांचे ओठ हलत होते. दात मोजत असावेत. एकेचाळीसला थांबले. आई चहा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. बाबांनी नुसता चहा मागितला.

आजची वेळ १६.१. सतरा दिवस राहिलेत.

सुरभी


रोहा, २५ फेब्रुवारी २०२५

सुरभी बेटा, दुआ.

नट धुवायची शिक्षा माफ. माझ्या हौसिंगमध्ये मूर्तिकाराने आखणी केली हे वाचून मी पत्र फरझानाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, इतक्या मोठ्याने नको, मला ऐकू येतं.

आता शेवटचं. घाटावर हवा पातळ, पेट्रोल जास्त व्हायला लागेल. आणखी एक नंबर लहान जेट खिशात ठेव. पहिली धाव आहे त्यावर कर, प्लग काढ, काळपट दिसला तरच बदल. मागच्या टायरची हवा थोडी कमी. दिव्याकडे बघ, शेजारच्या गाडीकडे नको. तिसऱ्यातून चौथा टाकायची घाई तुला आहे, ती तुझ्या बापाची. इंजिन ओरडतंय म्हणून गिअर टाकू नकोस. ओरडू दे, त्याला तेवढ्यासाठीच आणलंय.

रविवारपासून रमजान सुरू. नऊ तारखेला मी रोज्यात असेन, दिवसभर दुसरं काम काय? दुआच करीन. मला यायचं होतं, पण गुडघा आणि बेगम दोघांचं एकमत झालंय.

मामू


पेण, १० मार्च २०२५

मामू, मामू, मामू!

पाहिलं:
पहिली धाव १६.२१. चौथा लवकर टाकला, तुम्ही म्हणालात तस्साच. प्लग काळपट. जेट बदलली, बाबांनी बॅटरी धरली.
दुसरी धाव १६.०४. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. बाबा खिडकीशी आले. मला वाटलं, शिफ्टचं काढणार. म्हणाले, "घाई करू नको गो. गाडीला तिचं तिचं येऊ दे."
तिसरी धाव १५.९३.

परत लिहिते, तुमच्यासाठी मोठ्याने: १५.९३!

शेजारच्या पट्टीतली लाल गाडी माझ्या केव्हाच पुढे निघून गेली. गटात मी चौथी आले, बक्षीस तिघांनाच. पण व्हॅनच्या मागे अजून "गणपती बाप्पा" लिहिलेलं आहे ना, ते पहिल्या धावेला कोणीतरी वाचलं. तिसऱ्या धावेला दिवा हिरवा झाला आणि हजारभर माणसं "मोरया!" म्हणून ओरडली. ती लाल गाडीवाल्याची माणसंसुद्धा. चौथा टाकायला हात शिवशिवत होता, इंजिन बोंबलत होतं, मी मोजून थांबले. रेघ आली तेव्हा दम संपायला बोटभर बाकी होता.

वेळेची चिठ्ठी बाबांनी माझ्या हातून घेतली. चष्मा पुसला, तीनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. "सोळाच्या आत हाय," म्हणाले. मग म्हणाले, "गॅरेजला पाटी लावली पायजे. अक्षरं मी काढीन." आईने तिथेच धावपट्टीवर सगळ्यांना लाडू वाटले, लाल गाडीवाल्याला दोन.

वाटलं:
हा कागद कोराच पाठवतेय. मावत नाही.

सुरभी

ता. क. बाबा तुमचा पत्ता मागतायत. कशाला ते सांगत नाहीत.


पेण, ११ मार्च २०२५

वाजिदभाई यांस महिपतीचा नमस्कार. रमजान मुबारक.

तुमचा नियम सुरभीकडून समजून घेतला. तसंच लिहितो.

पाहिलं:
जून १९९८. तुम्ही हौसिंग बंद करून दिलंत, त्यानंतरची पहिली खेप. काटा साठवर ठेवला. साठने जायचं म्हणजे रस्त्याकडेचा एक किलोमीटरचा दगड दुसऱ्यापासून साठ सेकंदांत यायला हवा. माझा हात चुकतो, मोजणं चुकत नाही. दगड पंच्याहत्तरला आला. वाटेत आणखी तीनदा मोजलं, प्रत्येक वेळी पंच्याहत्तर. परत आल्यावर चाकं उचलून शाफ्ट मोजला. पाच फेरे आणि थोडं, पुस्तकात चार होते. तुमच्याइतकं कळत नाही, पण गाडी मुद्दाम हळू केली आहे एवढं कळलं.

वाटलं:
पहिल्यांदा राग आला. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे यायला निघालोसुद्धा. दारात मैना धान्य निवडत बसली होती, पोट सांभाळत. तिला ओलांडून जाताना मनात आलं, वाजिदभाईने हे कशाला केलं असेल? माझं त्याच्याशी वैर नाही, त्याला यात फायदा नाही. म्हणजे मी घरी परत यावं असं त्याला वाटतंय. माझ्यासाठी कोणी एवढं केलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि आत जाऊन पाट घेऊन बसलो. तेव्हापासून काटा साठवर ठेवायचा, पंच्याहत्तर मोजायचे, असं सत्तावीस वर्षं केलं. लोक सबुरी म्हणाले, मी म्हणू दिलं.

त्या दिवशी दात रंगवताना एकेचाळीस झाले आणि मैनाच्या हातात कपबशी वाजली. तिला कसली भीती वाटते ते मला कळेना. परवा शर्यत झाली, काल तिला विचारलं. तिने सांगितलं. मग मी सांगितलं.

वाजिदभाई, सत्तावीस वर्षं मनातल्या मनात तुमचे आभार मानत आलो, ते निम्मे चुकीच्या पत्त्यावर गेले. काल ते घरातल्या घरात पोचवले. मैना रडली, हसली आणि मग भडकली, "म्हंजे तुम्हाला माहीत व्हतं? नि मी इतकी वर्षं जीव मुठीत धरून?" आज सकाळचा चहा मला मिळालेला नाही. उरलेले निम्मे आभार तुमचेच आहेत, ते या पत्रातून पाठवतो.

सुरभीने कंपनीचं पत्र मला ब्रश पुसायला दिलं. चांगला कागद आहे.

ईदला आम्ही तिघं रोह्याला येतोय. गाडी मी चालवणार, काटा साठवर. शीरखुर्म्याला उशीर झाला तर फरझानाभाभींना सांगा, गिअर तुम्हीच घातलाय.

महिपती